तीन चौकोन, एकच शब्द : प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२४

आत्या काल औशाहून आली. आज तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तपासणीआधी एक छापील अर्ज भरायचा होता, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी. तिला बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचत होते. 'तुम्हाला काय त्रास होतो?' याखाली तीन चौकोन. पहिल्यापुढे 'अस्पष्ट दिसणे'. दुसऱ्यापुढे 'अस्पष्ट दिसणे'. तिसऱ्यापुढेही तेच. आत्या म्हणाली, "तीच ओळ तीनदा वाचलीस, बाळा."

डावीकडे पाहिलं तर तिथे तीन वेगळ्या तक्रारी होत्या : ब्लर्ड व्हिजन, क्लाउडी व्हिजन, डिम व्हिजन. डॉक्टरांना त्यातून तीन वेगळे धागे मिळतात. मराठीत अर्ज भरणाऱ्याने मात्र तिन्हींवर खूण करायची, नाहीतर एकावरही नाही. मी तिन्हींवर केली. घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

मी भाषांतराचंच काम करते. हा अर्ज माझ्या हातचा नाही, पण घाईच्या दिवशी 'अस्पष्ट' लिहून मीही पुढे गेलेली आहे. म्हणून आजपासून ही वही. नीट न दिसणाऱ्या आणि नीट न कळणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत ते एकेका कार्डावर घ्यायचे, आणि मराठीत माणसं तिथे खरोखर काय म्हणतात ते त्याखाली लिहायचं. कोश नंतर. शेवटी तो अर्ज नव्याने लिहून दवाखान्याला नेऊन द्यायचा.

११ जुलै

त्रेचाळीस कार्डं झाली. ब्लर, फझी, हेझी, मिस्टी, फॉगी, मर्की, टर्बिड, क्लाउडी, डिम, फेंट, ब्लिअरी, ओपेक, ऑब्स्क्युअर, व्हेग, ॲम्बिग्युअस, नेब्युलस, इलेजिबल, आणि आणखी बरेच. रात्री घरातले कोश काढून बसले. कार्डामागून कार्ड तेच तिघे येतात : अस्पष्ट, अंधुक, धूसर. फार तर क्रम बदलतो.

आपल्याकडे शब्द कमी आहेत असं म्हणावं तर चहा उकळेपर्यंत एवढे सुचले : पुसट, फिकट, गढूळ, धुरकट, मिणमिणता, ओझरतं, निसटतं, मोघम, गुळमुळीत, संदिग्ध, गूढ, दुर्बोध, झाकोळलेलं, मळभ आलेलं. शब्द भरपूर आहेत. इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्या वाटेवर ते कुणी ठेवलेले नाहीत, एवढंच.

'अस्पष्ट'बद्दल आजच ठरवून टाकलं. हा शब्द फक्त 'स्पष्ट नाही' एवढंच सांगतो. का नाही, ते त्याला माहीत नाही. इंग्रजीत अनक्लिअर आणि इनडिस्टिंक्ट हे दोन शब्द तसेच नकाराने बनलेले आहेत. 'अस्पष्ट' त्या दोन कार्डांवर राहील. बाकी एकेचाळीस कार्डांवर त्याला मज्जाव.

१९ जुलै

धरणक्षेत्रात पाऊस लागून राहिलाय आणि नळाला गढूळ पाणी येतंय. सकाळी दोन काचेचे ग्लास भरून खिडकीत ठेवले. पहिला नळ सोडल्या सोडल्या भरला, दुसरा अर्ध्या तासाने, पाण्याला जोर आल्यावर. पहिला मातकट दिसत होता. दुसरा पांढुरका, पाण्यात चमचाभर दूध कालवावं तसा. दुसरा दोन मिनिटांत स्वच्छ झाला, आणि तो खालून वर स्वच्छ होत गेला, कारण पाण्यात कोंडलेल्या हवेचे बारीक बुडबुडे वर चढत होते. पहिल्याला दुपार लागली आणि तो वरून खाली निवळला. तळाशी गाळाची नखाएवढी जाड रेघ बसली.

बोलीभाषेत इंग्रजी माणूस दोन्ही ग्लासांना क्लाउडी म्हणेल. मराठीत मला हे दोन एका शब्दात घालता येत नाहीत, आणि घालायचेही नाहीत. दुसरा दुधाळ, पहिला गढूळ. पाणी-तपासणीच्या अहवालात पहिल्यासाठी टर्बिड हा शब्द येतो. तो लॅटिन 'टुर्बा'वरून आला, म्हणजे गर्दी, गलबला. डिस्टर्ब त्याच घरातला. म्हणजे टर्बिड पाणी हे मुळात ढवळलं गेलेलं पाणी. आपणही ढवळल्यावरच गढूळ म्हणतो, आणि गावातलं वातावरण कुणीतरी ढवळलं की तेही गढूळ होतं. हे कार्ड लिहिताना हात अडला नाही.

मर्की वेगळा. उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेत 'मिर्कर' म्हणजे काळोखा. त्यामुळे मर्की पाण्यात गाळापेक्षा अंधार जास्त असतो : शेवाळलेलं तळं, आड, संध्याकाळचा डोह. 'तळ न दिसणारं' हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. आणि पैशांच्या व्यवहाराला मर्की म्हटलं असेल तर तिथे पाणी सोडून द्यावं, सरळ 'काहीतरी काळंबेरं आहे' म्हणावं.

क्लाउडीच्या कार्डामागे एक इशारा लिहून ठेवला. एका भाषांतरित पाककृतीत 'ढगाळ रस' वाचला होता. मूळ पदार्थ सफरचंदाचा न गाळलेला रस. ढगाळ आभाळ असतं. 'गढूळ रस' लिहिला तर कुणी तोंडाला लावणार नाही. 'न गाळलेला' लिहिलं की काम झालं.

आता मापाकडे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एनटीयू आहे, आणि दुसरा पाण्याचा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. यातला पहिला 'एन' म्हणजे नेफेलोमेट्रिक. नेफेलोमीटर पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडतो आणि कणांवर आपटून काटकोनात बाजूला किती उजेड फेकला गेला ते मोजतो. आरपार किती गेला ते नाही, विखुरला किती ते. नेफेलोमीटरमधला 'नेफेले' हा ग्रीक शब्द, अर्थ ढग. आणि नेफेले, लॅटिन 'नेब्युला' आणि आपलं संस्कृत 'नभस्' ही एकाच मुळाची भावंडं आहेत. नळाच्या पाण्याच्या मापात नभ बसलेलं आहे हे कळल्यावर मी तो ग्लास बराच वेळ हातात धरून बसले.

यंत्र नसताना काय करायचे? १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने, जो खगोलशास्त्रज्ञही होता, भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीला बांधून सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. तलाव तपासणारे अजूनही सेक्की तबकडी वापरतात. किती दिसत नाही हे मोजण्यासाठी जे दिसेनासं होतं त्याच्याकडेच बघत राहायचं, ही पद्धत मला फार आवडली.

आत्याने ग्लास पाहून विचारलं, "तुरटी नाही का घरात?" मग म्हणाली की तिच्या सासरी निवळीचं बी घागरीला आतून घासायचे. निवळीने पाणी निवळतं. आभाळ निवळतं, ताप उतरल्यावर चेहरा निवळतो, भांडणानंतर घर निवळतं. इंग्रजीत क्लिअर होणं आहे, पण त्यात गाळ हळूहळू खाली बसतो आहे हे दिसत नाही. निवळण्यात ते दिसतं.

२ ऑगस्ट

दुपारी आत्या गवार मोडत बसली होती. त्यासाठी तिला डोळे लागत नाहीत, शिरा बोटांना कळतात. मी कार्डं घेऊन समोर बसले आणि विचारलं, "आत्या, तुला नेमकं दिसतं कसं? डॉक्टरांना सांगितलंस ते नको, मला सांग."

तिने डावा डोळा तळहाताने झाकला. "ह्या उजव्यानं वर साय धरल्यागत दिसतं. माणूस आहे तिथंच आहे, नाक-डोळे बी आहेत, पण वरची साय बोटानं काढावी वाटते." मग उजवा झाकला. "ह्यानं साय नाही. कडा फुटतात. दिव्याभोवती दिवा पसरतो." "आणि संध्याकाळी?" "संध्याकाळी दोन्हीला. कुणी तरी वात बारीक केल्यागत."

तिन्ही चौकोन भरले. साय म्हणजे क्लाउडी. कडा फुटणं म्हणजे ब्लर्ड. वात बारीक होणं म्हणजे डिम. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईने तीन वाक्यांत जे वेगळं केलं, ते छापील अर्जाला जमलं नव्हतं. मी गवार तशीच सोडून वही आणायला उठले.

तिच्या बोलण्यातून मांडणीची किल्लीही मिळाली. ती प्रत्येक वेळी सांगते की अडलं कुठं. कधी डोळ्यातच अडतं. कधी डोळा आणि वस्तू यांच्यामधल्या हवेत, पाण्यात, काचेत. कधी उजेडच कमी पडतो. कधी वस्तूच झिजलेली, पुसलेली असते. आणि कधी वस्तू, उजेड, डोळे सगळं ठीक असतं, पण सांगणारा नीट सांगत नाही. प्रत्येक कार्डावर आता पहिली ओळ हीच : कुठं अडलं?

संध्याकाळपर्यंत या कसोटीवर बरीच कार्डं आपोआप हलली. ब्लिअरी डोळ्यातला : जागरणाने तारवटलेले डोळे. डिम उजेडातला, आणि तिथे 'अंधुक' बरोबर बसतो, कारण त्यात अंधपण आणि अंधार दोन्ही आहेत. इलेजिबल बहुतेक वेळा वस्तूतला : आमच्या घरात आजोबांच्या वेळचा सात-बाराचा उतारा आहे, त्यावरची शाई उडालेली आहे, तो भर उन्हात आणि चांगल्या भिंगाखालीही पुसटच. पुसट म्हणजे पुसत आलेलं. ज्याचं अक्षरच वाईट आहे त्या कागदाला पुसट म्हणू नये, ते 'लागत नाही' म्हणावं : "डॉक्टरांचं अक्षर लागत नाही." फेंटला एक शब्द पुरत नाही, पण अवघडही नाही. ओळ पुसट, आवाज क्षीण, वास मंद, रंग फिकट.

२३ ऑगस्ट

सांगणाऱ्याकडे अडलेली कार्डं. तीन आठवडे यावरच गेले, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं असं माझं मत झालं आहे.

व्हेग आणि ॲम्बिग्युअस या दोघांनाही आपण 'संदिग्ध' म्हणून मोकळे होतो. कराराच्या भाषांतरात हे फार महागात पडू शकतं. ॲम्बिग्युअसमध्ये अर्थ दोन असतात, दोन्ही स्वच्छ असतात, आणि कोणता ते कळत नाही. व्हेगमध्ये अर्थाला कुंपणच नसतं. लॅटिन 'व्हागुस' म्हणजे भटका, व्हॅगाबाँड त्याचाच. व्हेग शब्द कुठेही चरून येतो.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातली उदाहरणं यासाठी इतकी चांगली आहेत की मी ती जशीच्या तशी कार्डावर घेतली. (तो कायदा या १ जुलैला गेला, त्याजागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला.) कलम ९३ : एकाने घोडा 'एक हजार किंवा दीड हजार रुपयांना' विकायचं लिहून दिलं. किंमत कोणती ठरली होती हे दाखवायला बाहेरचा पुरावा देता येत नाही. घोटाळा कागदावर उघडाच आहे. कलम ९६ : एकाने 'माझा पांढरा घोडा' हजार रुपयांना विकायचं लिहून दिलं, आणि त्याच्याकडे पांढरे घोडे दोन निघाले. इथे कोणता घोडा ते दाखवायला पुरावा चालतो. वाक्य आरशासारखं लख्ख आहे, घोटाळा तबेल्यात गेल्यावर समोर येतो.

न्यायदर्शनातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, संशयाचं उदाहरण आठवलं : 'स्थाणुर्वा पुरुषो वा'. तिन्हीसांजेला लांबवर उभं आहे ते झाडाचं खोड की माणूस? दोन्ही चित्रं मनात पूर्ण आहेत, मन मध्ये हेलकावे खातं. ॲम्बिग्युअससाठी संदिग्ध हा शब्द म्हणूनच योग्य. 'द्व्यर्थी' अर्थाने अचूक आहे, पण द्व्यर्थी संवाद म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात चावटपणा येतो, करारात तो शब्द नको. 'दोन अर्थ निघतात' असं उलगडून लिहायलाही हरकत नाही.

व्हेगला शब्द मिळाला तो दुकानदारीतला आणि घरातला : मोघम. "मोघम बोलू नकोस." "हिशेब मोघम आहे." याच्या शेजारचा ढोबळ वेगळा ठेवला, कारण ढोबळ अंदाज देणारा माणूस अंदाज ढोबळ आहे हे कबूल करून देतो. मोघम बोलणारा तसं कबूल करत नाही. आणि मुद्दाम मोघम बोलणाऱ्यासाठी गुळमुळीत आहेच.

मोघमपणा किती गंभीर असू शकतो याचं उदाहरण आपल्याच राज्यातून सुरू झालेलं आहे. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं कलम, सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द झालं, आणि त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं की 'त्रास', 'गैरसोय', 'अत्यंत आक्षेपार्ह' या शब्दांना कुंपण नव्हतं. कुणाला कशाने त्रास होईल याचा नेम काय? इथे 'संदिग्ध' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की कलमाचे दोन अर्थ निघत होते. अडचण दोन अर्थांची नव्हती, वाटेल तितके निघण्याची होती.

फझी याच घोळक्यात टाकलं जातं, ते बाहेर काढलं. फझ म्हणजे कापडाची, फळाची लव. फझी कड ही लव आलेली कड, कुठे संपते ते बोट ठेवून सांगता येत नाही. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये फझी सेट मांडले तेव्हा त्यांनी मोघमपणाला मोजपट्टी दिली : एखादा माणूस 'उंच' या गटात शून्यापासून एकपर्यंत किती बसतो ते आकड्यात सांगायचं. जपानच्या सेंदाई शहरातली मेट्रो १९८७ पासून या गणितावर वेग सांभाळते. जे मोजलेलं आहे त्याला मोघम म्हणता येत नाही.

१० सप्टेंबर

ओपेक, ट्रान्सल्युसंट. फारसा त्रास नाही. ओपेक म्हणजे अपारदर्शक, पण बोलताना 'आरपार दिसत नाही'. ट्रान्सल्युसंटला शाळेत अर्धपारदर्शक शिकलो, आणि काचवाल्याकडे गेलं की दुधी काच. न्हाणीघराच्या खिडकीला तीच असते : उजेड आत येतो, माणूस दिसत नाही. दुधी काच कार्डावर पहिली.

१७ ऑक्टोबर

परवा आत्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गावाकडून फोन येत होते, "पिकला होता का मोतीबिंदू?" पूर्वी पिकेपर्यंत थांबावं लागायचं, आता फेकोने, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याच्या पद्धतीने, करतात, थांबावं लागत नाही. भिंग बसवलं.

काल पट्टी काढली. तिने आधी स्वतःचे हात पाहिले, दोन्ही बाजूंनी. मग मांडीवरच्या पातळाकडे पाहून म्हणाली, "हे कुणाचं नेसवलंस मला?" तिचंच होतं. गेली दोन-तीन वर्षं ते ती काळं म्हणून नेसत होती. ते गर्द निळं आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग गिळतं. भिंग बदललं आणि निळा परत आला. चित्रकार क्लोद मोने यांचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं होतं, आणि रंगांची हीच अदलाबदल त्यांना सोसावी लागली होती.

दवाखान्यात बसल्या बसल्या एक धोका लक्षात आला. लोक मोतीबिंदूला "डोळ्यावर पडदा आलाय" म्हणतात. डॉक्टर डोळ्याच्या मागच्या भागाला, रेटिनाला, पडदा म्हणतात. आणि तो पडदा सुटायला लागला की रुग्ण सांगतो, "एका बाजूने पडदा आल्यासारखं वाटतं." एकाच खोलीत तीन पडदे. अर्जात 'पडदा' हा शब्द कुठेही वापरायचा नाही, हे लाल शाईने लिहिलं.

३ डिसेंबर

औशाहून काकांचा फोन. "धुई पडलीय चार दिवस. तुरीचा फुलोरा गळतोय." मी विचारलं, धुकं आणि धुई एकच ना? ते म्हणाले, "तुम्ही धुकं म्हणता ते बघायला जाता. धुई पिकावर पडते." काही ठिकाणी धुवारीही म्हणतात. फॉगच्या कार्डावर दोन रकाने पाडले.

हवेतले शब्द आता घेतले. हवामानखात्याच्या भाषेत यांच्यातली सीमा मीटरमध्ये आखलेली आहे. एक किलोमीटरच्या आत दिसेनासं झालं की फॉग. पाण्याचे थेंब तेच, पण किलोमीटरपलीकडे दिसतं आहे, तर मिस्ट. भारतीय हवामानखातं धुक्याची प्रतवारी करतं : ५०० ते १००० मीटर दिसलं तर विरळ, २०० ते ५०० मध्यम, ५० ते २०० दाट, आणि ५० च्या आत अति दाट. विमानतळांच्या हवामान संदेशात फॉगला एफजी लिहितात आणि मिस्टला बीआर, फ्रेंच 'ब्रूम'वरून. पुण्यात शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून मी रोज जाते. १९२८ मध्ये सिमल्याहून हवामानखात्याचं मुख्यालय तिथे आलं, म्हणून चौकाला ते नाव. आत कुणीतरी रोज हे शब्द मीटरमध्ये मोजत असेल याचा आज पहिल्यांदा विचार केला.

हेझ मात्र कोरडा असतो. धूळ, धूर, मीठ यांचे कण, थेंब नाहीत. आणि इथे 'धूसर' घरी परतला. संस्कृतात धूसर म्हणजे धुळीच्या रंगाचं. उन्हाळ्यात घाटातून पलीकडच्या रांगा धुळकट निळ्या दिसतात तो हेझ, तो धूसर. धुक्यात बुडालेल्या रस्त्याला धूसर म्हणणं म्हणजे ओल्याला कोरडं म्हणणं. वर्षानुवर्षं कवितांत आणि भाषांतरांत हा शब्द सगळीकडे सांडलेला आहे. मला तो पुन्हा धुळीपाशी न्यायचा आहे.

२१ डिसेंबर

स्मॉग. स्मोक आणि फॉग जोडून केलेला हा शब्द १९०५ मध्ये लंडनच्या एका सार्वजनिक आरोग्य परिषदेत मांडला गेला. मराठी वृत्तपत्रांनी धूर आणि धुकं जोडून 'धुरकं' केलं, मुंबईच्या हिवाळ्यासाठी ते छापूनही येतं. भाषांतरित शब्द इतका घरचा वाटावा असं क्वचित घडतं. कार्ड भरलं, पण मन ५ ते ९ डिसेंबर १९५२ च्या लंडनकडे गेलं. कोळशाचा धूर आणि धुकं पाच दिवस शहरावर बसलं. तेव्हाच्या हिशेबाने चार हजार माणसं गेली, पुढच्या संशोधकांनी आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये शुद्ध हवेचा कायदा झाला. त्या दिवसांच्या वर्णनात 'अंधुक वातावरण' लिहू नये. धुरकं लिहावं, म्हणजे धूर कुणीतरी केला होता हे शब्दातच राहतं.

१२ जानेवारी २०२५

ब्लरचं मूळ शोधताना जे सापडलं त्याने दिवस सार्थकी लागला. सोळाव्या शतकात इंग्रजीत ब्लर म्हणजे कागदावर फासली गेलेली शाई, डाग. आणि आपला संदिग्ध? सम् अधिक 'दिह्' हा धातू, अर्थ लिंपणे, माखणे. संदिग्ध म्हणजे मुळात माखलेलं. संदेह तिथलाच, देहही तिथलाच. बोटाने फासल्याचं तेच चित्र दोन भाषांनी घेतलं. तिकडे ते डोळ्यांच्या बाजूला गेलं, इकडे मनाच्या.

नेब्युलसचं कार्ड नभापाशी आधीच पोचलं होतं. मिस्ट आणि मेघ हेही एकाच मुळाचे. रात्री गच्चीवर आत्याला मृग नक्षत्र दाखवलं. पट्ट्याच्या तीन ताऱ्यांखाली जो पिंजलेल्या कापसासारखा ठिपका आहे तो नेब्युला, आपण तेजोमेघ म्हणतो. १७८१ मध्ये शार्ल मेसिये यांची अशा पुंजक्यांची यादी १०३ वर पोचली होती, ती धूमकेतू शोधणाऱ्यांची फसगत होऊ नये म्हणून केलेली. देवयानीतला पुंजकाही त्या यादीत नेब्युला म्हणूनच होता. १९२३ मध्ये एडविन हबल यांना त्यात अंतर सांगणारा तारा सापडला आणि तो पुंजका म्हणजे आपल्यासारखी आख्खी दीर्घिका निघाली. आत्या उजव्या डोळ्याने बघत होती. "कापूस दिसतो," म्हणाली, "डाव्यानं तो बी नाही."

२० जानेवारी

अर्ज नव्याने लिहिला. तीन ओळी :

कडा फुटल्यासारखं, पसरट दिसतं.
वर साय धरल्यासारखं, दुधाळ दिसतं.
उजेड कमी झाल्यासारखं, अंधुक दिसतं.

इमारतीतल्या सहा ज्येष्ठांना मी वाचून दाखवल्या. एकाही ओळीवर कुणी "म्हणजे काय?" विचारलं नाही. एका आजोबांनी 'साय' ऐकताच लगेच डोळ्याकडे बोट नेलं. दवाखान्यात नेऊन दिला, त्यांनी ठेवून घेतला. पुढच्या छपाईत घेऊ म्हणाले.

२७ जानेवारी

आत्याला पुन्हा अर्ज वाचून दाखवला, डाव्या डोळ्याच्या तयारीसाठी. तिने तिन्ही ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "माझं ह्यात नाही." काय होतंय विचारलं. "परवापासून उजव्या डोळ्यापुढं जळमटं हलतात. भिंतीकडं बघितलं की डास उडाल्यागत. धरायला गेलं की सरकतात."

मी कार्ड शोधत बसले नाही, आधी दवाखान्यात फोन लावला. त्यांनी विचारलं, वीज चमकल्यासारखं होतं का, एका बाजूने काही झाकल्यासारखं वाटतं का? दोन्हीला "नाही". तरी लगेच घेऊन या म्हणाले. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून तासभर बसवलं, मागचा भाग कडेपर्यंत तपासला. रेटिना शाबूत आहे. वयाने डोळ्यातला पारदर्शक गर सुटतो, त्याच्या धाग्यांची सावली दिसते, असं सांगितलं. चमक किंवा सावली वाढली तर त्याच दिवशी यायचं.

इंग्रजीत याला फ्लोटर्स म्हणतात. जुन्या वैद्यकात लॅटिन नाव 'मुस्की व्होलितांतेस', म्हणजे उडणाऱ्या माश्या. आत्याचे डास त्यांच्यापासून फार लांब नाहीत.

चव्वेचाळिसावं कार्ड. कुठं अडलं : डोळ्यात. अर्जात चौथी ओळ : 'डोळ्यापुढे जळमटं किंवा डास हलल्यासारखं दिसतं', आणि तिच्याखाली ठळक अक्षरात, 'हे अचानक सुरू झालं असेल तर आत्ताच काउंटरवर सांगा.' उद्या दवाखाना उघडल्या उघडल्या बदललेला कागद घेऊन जायचं, छपाईला जायच्या आत.